शेवटच्या चित्रपटाआधी: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा नऊ डिस्कांचा ४के संच

२०२० च्या डिसेंबरमध्ये आलेला 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या तीन चित्रपटांच्या मालिकेचा ४के अल्ट्रा एचडी (अतिशय बारीक चित्राच्या डिस्कांचा) संच घ्यावा की नाही, हे तो कशासाठी हवा आहे यावर ठरतं. पडद्यामागचे माहितीपट पाहायचे असतील, तर हा संच तुमच्यासाठी नाही. पण ज्याने ही मालिका कधीच पाहिलेली नाही अशा माणसाला शेवटच्या चित्रपटापर्यंत नीट न्यायचं असेल, तिसऱ्याची ओढ त्याला मनापासून लागावी असं वाटत असेल, तर यासारखा दुसरा संच नाही. तिन्ही चित्रपटांच्या दोन्ही आवृत्त्या यात आहेत. थिएटरमध्ये दाखवलेली आवृत्ती प्रत्येकी एका डिस्कवर आणि एक्स्टेंडेड, म्हणजे प्रसंग वाढवलेली, प्रत्येकी दोन डिस्कांवर, अशा नऊ डिस्क.

दोन्ही आवृत्त्या हाताशी असण्याला इतकं महत्त्व का, तर पहिल्यांदा पाहणाऱ्यासाठी योग्य क्रम मिश्र आहे. पहिला आणि दुसरा चित्रपट एक्स्टेंडेड पाहावा, तिसरा मात्र थिएटरचा. ही काही नवी युक्ती नाही. १६ डिसेंबर २००३ रोजी, म्हणजे 'द रिटर्न ऑफ द किंग' सर्वत्र लागण्याच्या आदल्या दिवशी, निवडक थिएटरांमध्ये चाहत्यांसाठी सलग तीन खेळ झाले. 'ट्रिलॉजी ट्यूजडे' हे त्याचं नाव. त्या दिवशी पहिले दोन चित्रपट एक्स्टेंडेड दाखवले गेले आणि शेवटी नवा कोरा तिसरा. एक्स्टेंडेड 'रिटर्न ऑफ द किंग' बाजारात यायला त्यानंतर जवळजवळ वर्ष गेलं. म्हणजे त्या वेळच्या चाहत्यांनी वाट पाहत पाहत हाच क्रम अनुभवला होता, आणि तो आजही सर्वांत चांगला चालतो.

पहिल्या दोन चित्रपटांत वाढवलेले प्रसंग तिसऱ्याची तयारी करतात. 'द फेलोशिप ऑफ द रिंग' सुमारे तीस मिनिटांनी वाढला आहे. लोथलॉरियन या एल्फांच्या वनातून निघताना मिळणाऱ्या भेटी इथे पूर्ण दिसतात: सॅमला दोर, मेरी-पिपिनला खंजीर, लेगोलसला धनुष्य, आणि गिमलीने मागितलेले केस. थिएटरच्या आवृत्तीत फ्रोडोची कुपी तेवढी दिसते, बाकीच्या वस्तू पुढे नुसत्याच हातात येतात. रिव्हेंडेलमधला आईच्या समाधीपाशी उभा असलेला अॅरागॉर्नही इथेच भेटतो. राजा व्हायला हा माणूस का कचरतो, हे कळण्यासाठी तो छोटा प्रसंग फार मोलाचा आहे.

'द टू टॉवर्स'ची वाढ सुमारे ४४ मिनिटांची, आणि तिन्हींत सर्वांत सार्थ. ऑस्गिलियाथ परत जिंकल्यानंतरचा बोरोमिर, फॅरामिर आणि त्यांचे वडील डेनेथॉर यांचा प्रसंग थिएटरच्या आवृत्तीत नव्हता. तो पाहिला नाही तर फॅरामिर उगाच कठोर वाटतो आणि तिसऱ्या चित्रपटात डेनेथॉर एकदम समोर येऊन उभा राहतो. तो पाहिला, तर थोरल्या मुलावर जीव आणि धाकट्याकडे पाठ, हे सगळं आधीच मनात रुजलेलं असतं. मिनास तिरिथमध्ये गँडाल्फ पाऊल टाकतो त्या क्षणी पाहणाऱ्याला माहीत असतं की पुढे बसलेला बाप कोण आहे. या एका प्रसंगासाठी दुसरा चित्रपट एक्स्टेंडेडच लावावा, वेळ कमी असला तरी. पहिला हवं तर थिएटरचा चालेल.

मग तिसरा एक्स्टेंडेड का नको? त्यात भरपूर उत्तम ऐवज आहे, पण त्याची रचना आधी पाहिलेल्यांसाठी आहे. सर्वांत मोठं नुकसान चाच्यांच्या काळ्या जहाजांच्या बाबतीत होतं. थिएटरच्या आवृत्तीत अॅरागॉर्न मृतांच्या सैन्याकडे मदत मागतो तो मृतांच्या वाटेवरचा प्रसंग उत्तर न देता तुटतो आणि नंतर पेलेनॉरच्या लढाईत जहाजं येतात तेव्हा थिएटरभर टाळ्या पडतात. एक्स्टेंडेडमध्ये उत्तरही आधी मिळतं आणि जहाजांचं काय होतं तेही दिसतं. धक्का जागच्या जागी संपतो. शिवाय आधीच तीन तास २१ मिनिटांचा चित्रपट चार तासांच्या पलीकडे जातो आणि सुरुवातीचा तास रेंगाळतो. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो चित्रपट पहिल्यांदा पाहताना हे दोन्ही तोटे पत्करायचं कारण नाही.

थिएटरच्या आवृत्तीची एक उणीव मात्र आधी सांगून ठेवावी लागते. दुसऱ्या चित्रपटात इतकी जागा व्यापणारा दुष्ट जादूगार सारुमन तिसऱ्यात दिसतच नाही, एका वाक्यात त्याची बोळवण होते. नवा प्रेक्षक हमखास विचारतो की त्याचं काय झालं. "तो मनोऱ्यात कोंडलेला आहे, पुढचं नंतर दाखवतो," इतकंच सांगावं. तो प्रसंग चित्रित झाला होता, थिएटरच्या आवृत्तीतून काढला गेला आणि एक्स्टेंडेडमध्ये परत आला.

आता चित्र. २०११ च्या एक्स्टेंडेड ब्लू-रेवर पहिल्या चित्रपटाला हिरवट छटा होती. बर्फ आणि चेहरेसुद्धा त्यातून सुटले नव्हते. ४के संचात ती गेली आहे. शायरमधली हिरवळ ताजी दिसते, मोरियातला काळोख खरोखर काळा आहे आणि त्यातले मशालींचे ठिपके वेगळे उठून दिसतात. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त खुलवणारी (एचडीआर) दोन्ही तंत्रं, आहेत. तिन्ही चित्रपटांचे रंग आता एकमेकांशी जुळतात. लागोपाठ तीन दिवस पाहणाऱ्याला हे चटकन जाणवतं, कारण पूर्वी पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना रंगांचा सांधा दिसायचा.

दोष आहेत. फिल्मवर चित्रित झालेल्या या चित्रपटांचा नैसर्गिक कण (फिल्मचा दाणेदारपणा) पुष्कळ ठिकाणी पुसला गेला आहे. जवळून घेतलेल्या काही चेहऱ्यांवर त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. मोठ्या पडद्यावर किंवा प्रोजेक्टरवर ते जास्त खुपतं. दुसरं, संगणकीय दृश्यं मुळात २के मध्ये, म्हणजे कमी बारकाईत, तयार झाली होती, ती वाढवून ४के केली आहेत. म्हणून एखाद्या माणसाचा क्लोज-अप धारदार आणि लगेच पुढचं सैन्याचं विहंगम दृश्य किंचित मऊ, असं होतं. टीव्हीची शार्पनेस वाढवून हे सुधारत नाही, उलट कडांभोवती पांढरी रेघ उमटते. शार्पनेस शून्यावर किंवा उत्पादकाने दिलेल्या तटस्थ आकड्यावर ठेवावी.

टीव्हीवर आणखी तीन गोष्टी आधी तपासाव्यात, चित्रपट सुरू झाल्यावर नाही. मोशन स्मूदिंग बंद. हे चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचे आहेत. मधल्या फ्रेम टीव्हीने स्वतः भरल्या की हेल्म्स डीपची लढाई टीव्ही मालिकेच्या शूटिंगसारखी दिसू लागते. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तोच निवडावा, बहुतेक गोष्टी आपोआप जागेवर येतात. दुसरी, ज्या एचडीएमआय पोर्टला प्लेअर जोडला आहे त्याला टीव्हीच्या सेटिंगमध्ये वाढीव सिग्नलची परवानगी द्यावी लागते. अनेक टीव्हींवर ती मुळात बंद असते आणि मग डिस्क ४के असूनही एचडीआर लागत नाही. प्लेअरच्या माहितीपट्टीवर डॉल्बी व्हिजन किंवा एचडीआर असं दिसलं तरच काम झालं समजावं. तिसरी गोष्ट केबल. सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी प्रमाणित केबल पुरते. जुनी केबल असेल तर चित्र मधूनच क्षणभर काळं होतं, आणि लोक डिस्कला दोष देतात.

खोलीतला उजेड हा वेगळाच विषय आहे. हेल्म्स डीप, मोरिया, शेलॉबची गुहा, मालिकेतले महत्त्वाचे प्रसंग अंधारात घडतात. कमी उजळ टीव्हीवर एचडीआर आणखी गडद वाटतो. अशा वेळी टोन मॅपिंगचा (चित्राचा उजेड टीव्हीच्या क्षमतेला जुळवणारा) पर्याय चालू करावा आणि पडदे ओढून घ्यावेत. दुपारी उघड्या खिडकीसमोर हा संच पाहणं म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणं.

आवाजाबद्दल फार तक्रार करता येणार नाही. डॉल्बी अॅटमॉस मिक्स (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज) भव्य आहे. नाझगूलची किंकाळी डोक्यावरून जाते, आणि हॉवर्ड शोअर यांचं संगीत संवादांना न दाबता भरून राहतं. हा अॅटमॉस पूर्ण दर्जात साउंडबारपर्यंत टीव्हीमार्फत न्यायचा असेल तर दोन्हीकडे ई-आर्क (टीव्हीतून आवाज साउंडबारकडे नेणारी एचडीएमआयची सुधारित सोय) लागतो. साधा आर्क असेल तर प्लेअर थेट साउंडबारला जोडावा आणि तिथून टीव्हीला. मात्र साउंडबार ४के आणि डॉल्बी व्हिजन पुढे पाठवतो ना, हे पाहून घ्यावं. प्लेअरमध्ये आवाज बिटस्ट्रीमवर (जसाच्या तसा पुढे पाठवण्यावर) आणि सेकंडरी ऑडिओ बंद ठेवावा. तो चालू राहिला की प्लेअर आवाज स्वतः मिसळतो आणि अॅटमॉस निघून जातो. रात्री पाहताना कुजबुज ऐकू येत नाही आणि लढाई घर हलवते, अशी अडचण येतेच. नाइट मोड त्यासाठीच असतो, तो वापरायला संकोच नको.

डिस्क अडकणं हा या प्रकारच्या डिस्कांचा नेहमीचा त्रास. चित्र बरोबर एकाच ठिकाणी थांबत असेल तर बहुधा बोटांचा ठसा किंवा कारखान्यातून आलेला पातळ थर कारणीभूत असतो, कारण जास्त क्षमतेच्या डिस्कमध्ये माहिती दाट असते आणि डिस्कमधल्या माहितीच्या एका थरावरून दुसऱ्यावर जाताना प्लेअरच्या लेझरला जरासुद्धा मळ चालत नाही. मऊ मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नाही. मग प्लेअरचं फर्मवेअर अद्ययावत करावं. तरीही तिथेच अडकली तर डिस्क सदोष आहे, बदलून घ्यावी. म्हणून संच हाती आल्यावर सगळ्या नऊ डिस्क निदान पाच-सहा ठिकाणी पुढे सरकवून पाहाव्यात. बदलून घेण्याची मुदत संपल्यावर तिसऱ्या चित्रपटाच्या मध्यावर पडदा गोठणं याहून वाईट काही नाही. अल्ट्रा एचडी डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, त्यामुळे संच कुठल्याही देशातला असला तरी चालतो.

एक्स्टेंडेडमध्ये मध्येच डिस्क बदलावी लागते, यावर बरीच कुरकुर ऐकू येते. खरं तर ही सोय आहे. 'फेलोशिप'ची पहिली डिस्क एलरॉन्डच्या सभेनंतर, नऊ जणांची सोबत ठरते तिथे संपते. जेवणाच्या सुट्टीला याहून चांगली जागा नाही. खोक्यावरच्या वेळांनी मात्र गोंधळू नये. २२८, २३५ आणि २६३ मिनिटं हे आकडे शेवटच्या श्रेयनामावलीसकट आहेत, आणि तिच्यात त्या वेळच्या अधिकृत फॅन क्लबच्या सदस्यांची लांबलचक यादी आहे. पहिल्या चित्रपटात ती सुमारे वीस मिनिटं चालते. प्रत्यक्ष कथा एक्स्टेंडेड पहिल्यात साडेतीन तासांच्या आसपास, दुसऱ्यात पावणेचार. थिएटरचा तिसरा धरून एकूण सुमारे साडेदहा तास होतात.

हे एका दिवसात उरकू नये. ट्रिलॉजी ट्यूजडेला आलेल्यांनी पहिले दोन आधी कित्येकदा पाहिले होते. नव्या माणसाला इतकी नावं आणि राज्यं एका बैठकीत पचत नाहीत. रोज एक, लागोपाठ तीन संध्याकाळ, हे प्रमाण बरोबर बसतं. दुसरा संपल्यावर लगेच तिसरा लावण्याचा आग्रह होईल, तो मोडून काढावा. सॅम आणि फ्रोडोला गॉलम कुठे घेऊन चालला आहे हा प्रश्न घेऊन एक रात्र तरी झोपायला हवं. २००२ च्या चाहत्यांना या प्रश्नावर एक वर्ष काढावं लागलं होतं.

मधल्या वेळात कुणी माहितीपट मागितले, तर ते या संचात नाहीत, आणि २०२१ च्या ३१ डिस्कांच्या मोठ्या संग्रहातही 'अपेंडिसेस', म्हणजे जुने पडद्यामागचे माहितीपट, नाहीत. ही प्रकाशकाची मोठी चूक आहे. चित्रपटनिर्मितीवरचं इतकं सविस्तर काम क्वचित झालं असेल. ते २०११ च्या १५ डिस्कांच्या ब्लू-रे संचात डीव्हीडींवर मिळतात. जुना संच स्वस्तात मिळाला तर तेवढ्यासाठी घ्यावा. पहिल्या दोन चित्रपटांचे अपेंडिसेस मुळात तिसरा प्रदर्शित होण्यापूर्वी, २००२ आणि २००३ च्या नोव्हेंबरमध्ये आले होते, त्यामुळे मधल्या दिवसांत पाहायचेच असतील तर तेच पाहावेत. तिसऱ्याचे तिसऱ्यानंतर.

स्ट्रीमिंगवर पाहिलं तर चालणार नाही का? चालेल, आणि डिस्कही बदलावी लागणार नाही. पण अल्ट्रा एचडी डिस्कवर सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहितीला जागा असते, स्ट्रीमिंगला तिचा लहानसा हिस्सा मिळतो. धूर, धुकं, पाऊस आणि अंधार असलेल्या दृश्यांत फरक पडतो, आणि या मालिकेत ही चारही भरपूर आहेत. शिवाय दोन्ही आवृत्त्या एकाच सेवेवर असतीलच असं नाही, त्यामुळे मिश्र क्रम जमत नाही.

तिसरा लावताना एक सूचना द्यावी: अंगठीचा निकाल लागला म्हणजे चित्रपट संपला असं नाही. पडदा अनेकदा काळा होतो, दिवे लावायला कुणीतरी उठतं आणि हॉबिटनमधल्या प्रसंगांवर उजेड पडतो. नावं सरकू लागेपर्यंत दिव्याला हात लावू नये. एक्स्टेंडेड तिसऱ्याच्या दोन डिस्का काही आठवडे बाजूला ठेवाव्यात. मग सारुमनचा शेवट, उपचारगृहातले एओविन आणि फॅरामिर, काळ्या दरवाजापाशी येणारा सॉरॉनचा दूत, हे सगळं ज्याला गोष्ट आधीच माहीत आहे अशा प्रेक्षकाला दाखवावं.