हायलक्स की ड्यूक?

भाचा अडलाय : ट्रॅकवर टोयोटाची हायलक्स पिकअप पळवू की केटीएमची ३९० ड्यूक बाईक? हायलक्सचं २.८ लिटर डिझेल २०४ पीएस (अश्वशक्ती) देतं, पण वजन दोन टनांच्या वर. टनामागे शंभर पीएसच्या आतच. ड्यूक ४६ पीएस, १६८ किलो. स्वार धरूनही टनामागे ताकद जवळपास दुप्पट. ऑटोमॅटिक हायलक्सचा ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) ओढायला भारी, पण डिझेल इंजिन वरच्या आरपीएमला लवकर दमतं. वळणावर तर तिचा रिकामा हौदा, मागचे स्प्रिंगचे पाटे, उंच बूड, सगळंच विरोधात. ब्रेक तापतात ते वेगळंच. खर्चात बाईक स्वस्त. पडलास तर हाडं महाग. पुणे हायवेवर मात्र शर्यत दोन्हीवर नको, मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम १८९ आहे.

कमी लॅप टाइम (ट्रॅकच्या एका फेरीचा वेळ) हवा तर ड्यूक. शेत, चिखल, ओझं असेल तर पिकअप. ड्यूक कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे ट्रॅकपर्यंत लादून न्यायलाही पिकअपच बरी.