अंगणातला द्राक्षाचा वेल: 21 महिन्यांचा अनुभव

जुलै 2023 मध्ये न्हाणीच्या बाजूला शरद सीडलेस या काळ्या, बिनबियांच्या द्राक्षाचं एक कलम लावलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, जमीन काळी, मे महिन्यात पारा 44-45 वर. "इथं द्राक्ष कुठं येते बाप्पा?" असं जवळपास प्रत्येकानं म्हटलं. वेल उन्हानं मरत नाही, हे आता ठामपणे सांगतो. मरतो तो मुळाशी साचलेल्या पाण्यानं. म्हणून दोन फुटांचा खड्डा खणून त्यात मुरूम आणि शेणखत मिसळलं आणि कलम उंचवट्यावर लावलं. उन्हाळ्यात बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरलं की दिवसाआड दोन बादल्या पुरतात.

कलम डॉगरिज खुंटावरचं होतं, म्हणजे खाली डॉगरिज वेलाचं बूड आणि त्यावर जोडलेली शरदची काडी. पहिल्या पावसाळ्यात एक नवी फूट, म्हणजे कोंब, सपाट्यानं वाढली. मी तीच सुतळीनं वर बांधत गेलो आणि महिनाभरानं लक्षात आलं, की ती जोडाच्या खालून, म्हणजे खुंटाची आहे. शरदची काडी तोवर बोटभरच राहिली होती. खुंटाची फूट मुळापासून काढली आणि फेब्रुवारीत वेल खाली छाटून पुन्हा सुरुवात केली. कलम घेताना जोड कुठे आहे ते बोटानं चाचपून पाहा, त्याखाली फुटेल ते लगेच खुडा.

आता मुख्य गोष्ट. नुसता मांडव भरला म्हणून घड येत नाहीत. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, त्यामुळे वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या अगदी आखूड छाटणं, आणि ऑक्टोबरमध्ये घडांसाठी फळछाटणी. पुढच्या हंगामाचा घड उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात तयार होत असतो आणि त्यासाठी त्या डोळ्यांवर ऊन पडावं लागतं. मी मार्च संपता संपताच खरड केली, म्हणजे कडक ऊन लागेपर्यंत फुटी निबर होतात. तरी मे महिन्यात कोवळे शेंडे करपले, तेव्हा पश्चिमेकडून जुनं लुगडं बांधलं. तेवढं पुरलं.

पावसाळ्यात केवडा हा रोग आलाच. पानावर वरून तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी बुरशी. त्यावर एक टक्का बोर्डो हे फवारायचं मिश्रण घरीच केलं: 10 लिटरला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून एकत्र ओतलं की आकाशासारखा निळा रंग येतो. त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. ही परीक्षा चुकवू नका, नाहीतर पानं जळतात.

12 ऑक्टोबर 2024 ला काडीगणिक 5 ते 7 डोळे राखून छाटलं. डोळे फोडायचं औषध विषारी, मुलांच्या अंगणात ते नको म्हणून लावलं नाही. फुटी मागेपुढे निघाल्या, पण 14 घड दिसले. डिसेंबरात एके सकाळी शेंड्याची पानं पंख्यासारखी चुरगळलेली. पऱ्हाटीची (कपाशीची) पानं भेंडीसारखी होतात ना, अगदी तशीच. शेजारच्या गव्हात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं, वारा आमच्याकडे होता. द्राक्षाला त्याचा वासही सोसत नाही. तीन घड गेले. शेजाऱ्यांना दाखवलं, त्यांनी पुढं वारा पाहून फवारायचं कबूल केलं.

जानेवारीत मण्यांत पाणी उतरलं, मणी काळे झाले. पण काळा मणी म्हणजे गोड मणी नव्हे, आणि द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. रोज एक मणी चाखत महिना काढला. बुलबुल आणि वानरांपासून वाचवायला प्रत्येक घडाला जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवली. 10 फेब्रुवारीला तोडणी: 11 घड, तीन किलोच्या आसपास. मणी बाजारापेक्षा लहान, साल जरा जाड, पण गोडी अशी की आईनं अर्धा घड देवापुढून उचलूच दिला नाही.

शेजारच्या काकूंचा वेल सहा वर्षांचा, एकही घड नाही. छाटायचं म्हटलं की त्या म्हणायच्या, "उन्हाळ्यात सावली जाईन ना बाप्पा!" यंदा आमचे घड खाल्ल्यावर त्यांनी अर्धा मांडव छाटू दिला, अर्धा सावलीसाठी ठेवला. छाटून आज बारा दिवस झाले. छाटलेल्या बाजूला गुलाबी कोंब निघालेत आणि काकू सकाळ-संध्याकाळ ते मोजताहेत.