परदेशातल्या शाळेत स्वयंसेवक: एजन्सीमार्फत महिनाभर, की शाळेशी थेट ठरवून पूर्ण सत्र?

जायचं ठरलं आहे आणि देशही जवळपास ठरला आहे, असं धरून चालतो. अडतं ते पुढच्या प्रश्नावर. पैसे भरून एजन्सीमार्फत चार आठवडे जायचं, की मुख्याध्यापकांशी थेट पत्रव्यवहार करून एक पूर्ण सत्र तिथेच राहायचं? माझा कल दुसरीकडे आहे. तरी पहिल्या वाटेचं जे चांगलं आहे ते आधी मांडतो, कारण काहींसाठी तीच वाट बरोबर ठरते.

एजन्सी डोकेदुखी कमी करते, यात वाद नाही. विमानतळावर घ्यायला माणूस येतो, राहायची सोय तयार असते, व्हिसासाठी निमंत्रणपत्र मिळतं आणि रात्री-अपरात्री ताप भरला तर फोन करायला एक नंबर असतो. पहिल्यांदाच एकट्याने परदेशी जाणाऱ्याला हा आधार मोठा वाटतो आणि तो असतोही. मात्र पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. आपण भरलेल्या रकमेतलं शाळेपर्यंत नेमकं किती पोचतं? आणि मुलांसोबत काम करणाऱ्याकडून पोलिस पडताळणीचा दाखला घेतला जातो का? दाखला न मागता तारीख पक्की करणाऱ्या संस्थेकडे जाऊ नये.

माझं पारडं फिरवणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे: दर महिन्याला पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होणारा धडा.

नवा स्वयंसेवक सोमवारी वर्गात येतो. आधीच्याने काय शिकवलं, हे सांगायला कोणी नसतं. तो रंग, प्राणी आणि शरीराचे अवयव यांच्या इंग्रजी नावांपासून सुरुवात करतो. मुलांना ते सगळं पाठ असतं, पण पाहुण्यांचा मान म्हणून ती एका सुरात उत्तरं देतात. वर्ग दणाणून जातो आणि शिकवणाऱ्याला वाटतं, किती पटकन शिकतात! तिकडे नेहमीच्या शिक्षकांचं पुस्तक त्याच पानावर अडलेलं असतं आणि परीक्षा त्या पुस्तकावरच होणार असते.

हिशेब मांडून पाहा. 12 आठवड्यांच्या सत्रात चार-चार आठवड्यांचे तीन स्वयंसेवक आले. प्रत्येकाचा पहिला आठवडा नावं लक्षात ठेवण्यात आणि मुलांच्या कानाला त्याचे उच्चार सरावण्यात जातो, शेवटचा निरोपाच्या गडबडीत. हाती उरतात दोन. तिघांचे मिळून सहा. एकच माणूस 12 आठवडे राहिला, तर दहा. हे आकडे कोणी मोजून काढलेले नाहीत, थोडं इकडे-तिकडे होईल. पण वर्गात बसून जे दिसतं ते याहून फार वेगळं नसतं.

नोंदवही ठेवली तर हे टळत नाही का? बऱ्यापैकी टळतं, पण ती बहुधा एजन्सीच्या समन्वयकाकडे राहते, शिक्षकांच्या खणात नाही. शिवाय ‘मजा आली, मुलं गोड आहेत’ अशा नोंदींचा पुढच्याला काही उपयोग नसतो. नोंद अशी हवी: ‘इयत्ता चौथी, मंगळवार, पान 31. हॅव आणि हॅज यांतला फरक. एकेकट्याने वहीत लिहिताना 52 पैकी 30 जणांचं बरोबर. खिडकीकडच्या शेवटच्या दोन बाकांना उन्हामुळे फळा दिसत नाही.’ एवढ्यावर दुसरा माणूस दुसऱ्या दिवशी पान 32 सुरू करू शकतो.

आता थेट जाण्याचा त्रास. तो खरा आहे आणि त्यातला बराचसा कागदांचा आहे. पर्यटक व्हिसावर विनावेतन शिकवणंही अनेक देशांत काम मानलं जातं. टांझानियात दीर्घ मुदतीच्या स्वयंसेवकाला ‘क’ वर्गाचा निवास परवाना काढावा लागतो. प्रमाणपत्रांचं सरकारी साक्षांकन, पोलिस दाखला, शाळेचं पत्र, या सगळ्याला तीन-चार महिने हाताशी ठेवा. लसींना त्याहून जास्त वेळ लागतो: हिपॅटायटिस ‘बी’चे तीन डोस नेहमीच्या क्रमाने 0, 1 आणि 6 महिन्यांनी घ्यायचे असतात. पीतज्वराचं (यलो फीव्हरचं) प्रमाणपत्र लस टोचल्यावर 10 दिवसांनी लागू होतं, मात्र 2016 पासून ते आयुष्यभर चालतं.

शाळेचं वर्ष पाहूनच तिकीट काढा. टांझानिया आणि केनियात ते जानेवारीत सुरू होतं, नेपाळमध्ये वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. दसैं-तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या, तोंडावर नेपाळात पोचलात तर वर्ग बंदच सापडतील.

मुख्याध्यापकांना पहिल्याच पत्रात विचारा: वर्गात मुलं किती, शिकवण्याचं माध्यम कोणतं, आठवड्याला कोणते तास देणार आणि वर्गात कोणते शिक्षक सोबत असतील. माध्यमाचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. टांझानियाच्या सरकारी प्राथमिक शाळांत स्वाहिली चालते आणि माध्यमिकला गेल्या गेल्या सगळे विषय इंग्रजीत येतात. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विज्ञानाचं पुस्तक वाचून कळायला मदत केली, तर ती लहान वर्गातल्या गाण्या-खेळांपेक्षा कितीतरी जास्त कामी येते. ‘सोबत शिक्षक नाहीत, वर्ग तुम्हीच सांभाळा’ असं उत्तर आलं तर थांबा. एक तर तुम्ही कोणाची तरी नोकरी अडवताय, नाहीतर तुम्ही गेल्यावर तो वर्ग वाऱ्यावर पडणार.

पोचल्यावर पहिले दोन आठवडे मागच्या बाकावर बसून नुसतं पाहावं. मग हळूहळू तासातली 15 मिनिटं मागून घ्यावीत. घरून नेलेली वहीच्या पानाएवढी चित्रकार्डं 50-60 मुलांच्या वर्गात निरुपयोगी असतात. आठ मीटर लांबून सहज वाचता यायला अक्षर साधारण सात सेंटीमीटर उंच हवं. आणि एका सुरातल्या उत्तरावर कधी विसंबू नका, प्रत्येकाला पाटीवर लिहून वर धरायला सांगा. कोणाला येत नाही ते तेव्हाच कळतं.

कोणत्याही वाटेने गेलात तरी एका ठिकाणी नाही म्हणा: शाळेला जोडून अनाथाश्रम असेल आणि तिथे पाहुण्यांची सतत ये-जा असेल तर. अशा अनेक ठिकाणी मुलांचे आईवडील हयात असतात आणि देणग्यांसाठी मुलं घरापासून तोडलेली असतात. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या तस्करीची दखल घेतली, आणि 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेने होणाऱ्या हानीचा उल्लेख आला.

रजाच महिन्याची असेल तर? तर जरूर जा, पण शिकवायला नको. ग्रंथालयाची पुस्तकं लावून त्यांची यादी करणं, बंद पडलेले संगणक दुरुस्त करणं, शिक्षकांना एखादं कौशल्य दाखवणं, ही कामं चार आठवड्यांत पुरी होतात आणि मुलांचा एकही धडा अडत नाही. त्यासाठी एजन्सी उत्तमच.

सत्रभर राहणार असाल, तर अकराव्या आठवड्यापासून तास शिक्षकांकडे परत द्यायला लागा. बाराव्यात पुन्हा मागच्या बाकावर बसा. निघायच्या आदल्या दिवशी नोंदवही त्यांच्याच हातात द्या आणि पुढचं पान कोणतं, ते दोघांनी मिळून त्यात लिहा.