एसीचा गॅस "संपलाय" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

गाडी जुनी असली की गॅरेजवाल्याला आयतंच फावतं, कारण काहीही झालं तरी "गाडीचं वय झालंय आता" हे एकच उत्तर सगळीकडे चालतं. माझ्याबाबतीत अगदी हेच झालं आणि अजून कुणाचं होऊ नये म्हणून सगळं लिहितोय.

एसी गार हवा देईना म्हणून गाडी नेली, त्याने बॉनेट उघडून गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) लावला आणि म्हणाला गॅस संपलाय, भरायला लागेल. भरला. थोडे दिवस मस्त कूलिंग आणि मग परत नुसता पंखा. परत गेलो तर म्हणे जुन्या गाडीत दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो. हे धादांत खोटं आहे! एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नाही की जळून संपेल, तो बंद पाइपांमधून तोच तोच फिरत असतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो ते वेगळं, पण भरलेला गॅस लगेच गेला म्हणजे कुठेतरी लीकेज आहे, आणि ते न शोधता जो परत गॅस भरतो तो तुम्हाला सरळ सरळ लुबाडतोय.

पुढच्या वेळी तर कहरच. एसी चालू केल्यावर कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणारा पंप) क्लच, म्हणजे त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा भाग, लागतो तेव्हा 'टक' असा आवाज येतो ना, तो येईना, तर लगेच निदान काय, कॉम्प्रेसर गेला! आता हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच उकळले जातात. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच स्वतःहून क्लचचा करंट तोडतो, कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळू नये म्हणून. म्हणजे कॉम्प्रेसर ठणठणीत असतानाही फिरणार नाही. रिले किंवा फ्यूज उडाला असला तरी तसंच. हे एसीचं काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला माहीत असतं, त्याला माहीत नसेल हे मी मानायलाच तयार नाही.

"नवीन" कॉम्प्रेसर बसला, सोबत गॅसही परत भरला गेला, त्यामुळे गार हवा आली आणि खरंच तोच फॉल्ट होता असं वाटलं. काही दिवसांत पुन्हा गरम! मग दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो, त्याने आधी टॉर्च घेऊन सगळे पाइप बघितले. पुढे रेडिएटरच्या समोर कंडेन्सर (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) असतो, त्याला पाइप जोडतो त्या जॉइंटवर धूळ तेलात भिजून काळी चिकट झाली होती, बाकी सगळीकडे धूळ कोरडी. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस जिथून सुटतो तिथे तेलाचा डाग राहतो. त्याने नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावलं आणि तिथेच बुडबुडे यायला लागले. आतली ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. एक छोटीशी रबराची रिंग! आणि तो "नवीन" कॉम्प्रेसर? वरून सिल्व्हर रंग मारलेला, लेबलवरसुद्धा रंग, आणि पुलीच्या खाचा झिजून गुळगुळीत झालेल्या. माझा जुना काढलेला मागितला तर म्हणे भंगारात गेला.

तर आता काय करायचं. काम सुरू व्हायच्या आधीच सांगा की काढलेला पार्ट मला परत पाहिजे. लीकेज कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. "कूलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या आत हवा गार करणारी जाळी) गेली, डॅशबोर्ड खोलावा लागेल" म्हणाला तर लीकेज शोधणारा डिटेक्टर किंवा डाय (गॅसबरोबर सोडायचा रंग, लीकेजवर दिसतो) वापरून दाखवायला सांगा, कारण डॅशबोर्ड एकदा उघडला की खडखड कायमची मागे लागते. लीकेज काढल्यावर व्हॅक्यूम (पंपाने पाइपांतली हवा ओढून काढणं) किमान अर्धा तास तरी चालू द्या आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहतो का ते बघा. आणि गॅस वजन करूनच भरायला लावा, किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. नुसत्या गेजवर अंदाजाने भरलेला जास्त झाला तरी कूलिंग कमीच होतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण खरं आहे.

अजून एक, गॅस कुठला भरतोय ते विचाराच. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बहुतेक गाड्यांत आर १३४ए आला, त्याआधीच्यांत आर १२ होता आणि दोन्हींचं तेलही वेगळं. काही जण स्वस्तात पडतो म्हणून प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण भरतात, ते पेट घेणारं असतं आणि कॉइल तुमच्या डॅशबोर्डच्या आत असते, याची मला खरंच भीती वाटते.

बिलावर गॅसचं नाव, ग्रॅम आणि पार्ट नवा की रिकंडिशन (जुनाच दुरुस्त केलेला) हे लिहून घ्या. माझ्या बिलावर त्याने फक्त "एसी काम" एवढंच खरडलं होतं, आणि जाब विचारायला गेलो तर तोंडावर म्हणाला, नवीन आहे असं मी कधी म्हटलंच नव्हतं.