कोकणात ब्लड पायथन पाळायचा तर पेटी कोणती? प्लास्टिकचा डबा, काच, लाकूड की पीव्हीसी

ब्लड पायथन या परदेशी अजगराबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड आणि कोरड्या देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यांच्या घरात हिवाळाभर हीटर चालतो आणि आर्द्रता ३०-४० टक्क्यांवर येते, म्हणून त्यांचा सगळा खटाटोप पेटीत ओल टिकवण्याचा. तोच सल्ला जसाच्या तसा उचलून मुरुडला किंवा मालवणात जूनमध्ये वापरला, तर काही दिवसांत अंथरुणाला बुरशी आणि सापाच्या पोटाखालच्या खवल्यांवर तांबूस फोड. आपल्याकडे वर्षातले चार महिने ओल घालवायची असते आणि उरलेल्या आठांतले काही महिने टिकवायची. पेटी निवडताना हे दोन्ही डोळ्यांसमोर हवं.

त्याआधी कायद्याचं, थोडक्यात. आपल्या रानातला अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळणं, पकडून ठेवणं, ‘चार दिवस सांभाळतो’ म्हणणं, सगळं गुन्ह्यात जमा. ब्लड पायथन परदेशी: मलाय द्वीपकल्प आणि पूर्व सुमात्राचा. पण तोही साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नियम आले आणि अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद बंधनकारक झाली. विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला, तर तिथूनच मागे फिरा.

दुसरा प्रश्न हमखास येतो: ब्लड की बॉल पायथन? बॉल पश्चिम आफ्रिकेतला, तीन ते पाच फुटांचा, दीड-दोन किलोचा, स्वभावाने गरीब. ब्लड चार ते सहा फुटांचा, पण जाडजूड. मोठी मादी ८-१० किलोपर्यंत जाऊ शकते. पिल्लं भित्री असतात, फुसकारतात, चावायला धावतात. पुढे बहुतेक शांत होतात. पहिलाच साप असेल आणि हात कचरत असेल, तर बॉल घ्या. मात्र हवामानापुरतं बोलायचं, तर कोकणाशी ब्लडचं जास्त जमतं. दलदलीच्या कडेला आणि तेलताडाच्या बागांत राहणारा हा प्राणी. ६० ते ७० टक्के आर्द्रता त्याला मानवते आणि कात टाकायच्या दिवसांत ७५ झाली तरी बिघडत नाही. बॉलला पावसाळ्यात सांभाळणं त्या मानाने जिकिरीचं.

मग जंगलात ८५-९० टक्क्यांत राहणारा साप पेटीत का आजारी पडतो? जंगलात हवा हलती असते आणि जमीन नको इतकी ओली वाटली की तो सरकून दुसरीकडे जातो. पेटीत हवा कोंडते आणि त्याच ओल्या कागदावर तो आठवडाभर बसून राहतो. त्यात ब्लड पायथन मुततो भरपूर. एका रात्रीत अर्ध्या डब्याचा कागद चिंब होतो, आणि त्याचं सगळं पोट त्यावर टेकलेलं असतं.

आता पेट्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे कपडे ठेवायचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाजूंना गरम खिळ्याने भोकं पाडलेला. परदेशी लोकांचा हा लाडका, कारण ओल अडकवतो. आपल्याकडे याचं काम दोनच ठिकाणी. एक, पिल्लासाठी, लहान, अंधारी जागा असली की ते लवकर स्थिरावतं. दुसरं, ज्या खोलीत दिवसरात्र एसी चालतो तिथे. एसी हवा चांगलीच कोरडी करतो, तेव्हा डब्याची अडकवण्याची सवय उपयोगी पडते. जांभ्याच्या घरात, पडवीला लागून असलेल्या खोलीत, पागोळ्या गळत असताना मात्र हाच डबा आतून घामेजतो. भिंतीवर थेंब दिसले की समजा, ओल मर्यादेबाहेर गेली.

वर जाळी असलेली काचेची पेटी परदेशात ब्लडसाठी नापास, कारण त्यातून ओल निघून जाते. आपल्याकडे जुलैत तोच तिचा गुण ठरतो. गंमत अशी की इथे तापमानाचा हिशेब कामाला येतो. खोलीत २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता आहे. तीच हवा पेटीच्या उबदार टोकाला ३१ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता साधारण ६७ टक्के होते. पाणी कुठे गेलं नाही, पण गरम हवेची पाणी धरण्याची ताकद वाढली. म्हणजे पावसाळ्यात सापाखालची हीट मॅट, विजेवर तापणारी चटई, हेच तुमचं ओल काढायचं यंत्र. जाळीतून गरम हवा वर निघते, तिच्या जागी जाळीतूनच नवी येते, तीही तापते. बंद डब्यात हा फेरा होत नाही. भांड्यातलं पाणी आणि सापाचं मूत वाफ होऊन आतच राहतं. मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावायची नाही, आणि उबदार टोक ३१ च्या वर न्यायचं नाही. ब्लडला ३२ च्या पुढची उष्णता सोसत नाही.

काचेचे तोटे दोन. वजन अफाट, सहा फुटी मादीसाठी ४ बाय २ फूट तळाची काच दोन माणसांनाही आवरत नाही. आणि चारही बाजूंनी उघडी असल्याने साप बिचकलेला राहतो. तीन बाजूंना काळा कागद चिकटवावाच लागतो. पावसाळा सरून जमिनीकडचे कोरडे मतलई वारे सुटले की जाळीचा दोन तृतीयांश भाग अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याने झाकायचा, की झालं.

लाकडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यालगत नको. गावातला सुतार देखणी पेटी करून देईल, ऊबही छान धरेल. पण मूत जोडात मुरतं, प्लायच्या कडा पहिल्याच पावसात फुगतात, सरकती काच अडकते, आणि वाळवी वेगळी. मरीन प्लाय वापरून आतून इपॉक्सीचे थर दिले तर टिकते, पण तेवढ्या खर्चात पीव्हीसी येते.

पुढून उघडणारी पीव्हीसीची पेटी हा चौथा पर्याय आणि मोठ्या सापासाठी माझा कौल हिलाच. हलकी, अपारदर्शक, पुसायला सोपी. तयार मिळते ती मात्र ओल धरायच्या हिशेबाने बनवलेली, म्हणून झरोके कमी. ऑर्डर देतानाच एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर जादा झरोके मागून घ्या, आणि त्यांना सरकती झाकणं. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत ती उघडायची, दिवाळीनंतर अर्धी लावायची. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. खारी हवा बाकी काही ठेवत नाही.

अंथरुणात पावसाळ्यात वर्तमानपत्राला तोड नाही. दिसायला दळभद्री, पण भिजलं की दिसतं आणि दोन मिनिटांत बदलता येतं. नारळाच्या सोडणाचे तुकडे कोकणात मुबलक. ते धुऊन, कडक उन्हात वाळवून नोव्हेंबर ते मे वापरावेत. वरचा थर कोरडा, खालचा किंचित ओलसर. कोकोपीट मी टाळतो. ओलं झालं की पोटाला चिकटतं, सुकलं की नाकात जातं, आणि लाल मुंग्यांना घर मिळतं. भाताचा पेंढा तर नकोच, बुरशीला आमंत्रण.

खोलीच कोरडी करायची तर डिह्युमिडिफायर, एसीच्या ड्राय मोडपेक्षा बरा. एसी खोली थंड करतो आणि मग मॅटला जास्त राबावं लागतं. डिह्युमिडिफायर खोली थोडी गरमच करतो. पण कौलारू घरात, जिथे वाऱ्याला शंभर वाटा आहेत, तिथे तो कोकणातली हवाच कोरडी करत बसेल. दारंखिडक्या नीट बंद होणारी खोली असेल तरच पैसे घाला. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवण्याला अर्थ नाही, शेजारी पाण्याचं भांडं असताना तर नाहीच. भांडं मात्र मॅटवरून उचलून थंड टोकाला ठेवा. एवढ्यानेही फरक पडतो.

हे सगळं ठरवायचं आर्द्रतेचं मीटर पाहून, आणि स्वस्त मीटर सर्रास चुकीचं दाखवतात. तपासायची रीत सोपी. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलं होईल पण विरघळणार नाही इतकं पाणी घाला, आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत आठ तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर पुढे प्रत्येक वेळी ५ वजा करा. श्रावणात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं त्यामागेही हेच: हवा साधारण ७५ च्या वर गेली की मीठ तिच्यातली ओल ओढतं. पेटीत दोन मीटर लागतात, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला.

विजेचा विचार करायलाच हवा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. पावसाळ्यात मॅट बंद पडली तरी साप गारठत नाही, कारण किनाऱ्यावर हवा तशी उबदारच असते. ओल मात्र चढते. अशा वेळी कागद रोज बदलायचा, झरोके पूर्ण उघडे ठेवायचे आणि खायला घालायचं नाही. पुरेशी ऊब नसेल तर पोटातला उंदीर पचत नाही, आणि धडधाकट मोठा साप काही आठवडे सहज उपाशी राहतो. फ्रीझरमधले उंदीर वितळले असतील तर फेकून द्या. दापोलीसारख्या वरच्या भागात हिवाळी पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो. तिथे इन्व्हर्टरचा खर्च हिवाळ्यासाठी करावा लागतो.

तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, नाकाशी बुडबुडे दिसले तर पेटीत फेरफार करत बसू नका. सापांवर उपचार करणारे पशुवैद्य शोधायला बहुधा मुंबई-पुणेच गाठावं लागतं, तो नंबर आधीच हाताशी ठेवा. कात तुकड्यांत निघाली, तर ती हवा कोरडी पडल्याची खूण. झरोके लावा आणि पाण्याचं भांडं मोठं करा.

आणि घाई नसेल तर पेटी मे महिन्यात घ्या, साप ऑक्टोबर सरल्यावर. मधले महिने पेटी रिकामीच, मॅट आणि पाण्याच्या भांड्यासकट चालू ठेवा, आणि दोन्ही मीटरचे आकडे कॅलेंडरवर लिहीत चला.