रंगांचा पट्टा काढायचा कसा: स्पेसबार, फोटो की स्वतःचा कोड?

रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. यंदा जरा दुसरा करून बघू, असं कोणी म्हणत नाही. क्लायंटसाठी पॅलेट, म्हणजे रंगांचा पट्टा, काढायला बसलो की मला हे हमखास आठवतं. ‘काहीही रँडम चालेल’ म्हणणाऱ्या बहुतेकांचा एक रंग आधीच ठरलेला असतो: लोगोचा, पाटीचा, नाहीतर मालाचा. तेव्हा साधन निवडण्याआधी दोनच गोष्टी विचारा. एक रंग पक्का आहे का? आणि उरलेले किती लागणार?

सगळ्यात झटपट म्हणजे कूलर्स ही वेबसाइट. स्पेसबार दाबला की पाच रंगांचा नवा पट्टा समोर. आवडलेल्या रंगाला कुलूप लावायचं, बाकीचे फिरत राहतात. एक रंग पक्का असेल तर यासारखी सोय नाही. पण याचं व्यसन लागतं. चाळिसाव्या फटक्यानंतर डोळ्यांना काही कळेनासं होतं, म्हणून मी पंधरावर थांबतो आणि चहा टाकतो. दुसरी अडचण जास्त फसवी. इथे पाचही रंग सारख्या रुंदीने उभे असतात. वेबसाइटवर तसं कधीच नसतं. तिथे बरीचशी जागा पार्श्वभूमी खाते आणि भडक केशरी जेमतेम एका बटणापुरता उरतो. पट्ट्यात देखणं दिसलेलं पानावर अंगावर येतं, ते यामुळेच.

अडोबी कलर हे असंच दुसरं ऑनलाइन साधन, पूर्वीचं कुलर. (कुलर आणि कूलर्स! फोनवर सांगताना दर वेळी घोळ.) याचं चक्र खरं तर रँडम नाहीच; पूरक, शेजारचे, त्रिकोणी अशा नियमांनी ते एका रंगावरून बाकीचे काढतं. मला त्यातलं फोटोतून रंग उचलणं जास्त उपयोगी वाटतं. पण फोटो चांगला हवा. येवल्याच्या एका पैठणीवाल्यांनी ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो पाठवला होता. मोरपंखी साडी, सोनेरी काठ, मला वाटलं काम झालं. साधनाने उचलले काय, तर दुकानातल्या गादीचा पिवळट पांढरा, साडी धरणाऱ्याच्या बोटांचा गव्हाळ आणि एक मोरपंखी. जरीचा पत्ता नाही, कारण जर चमकते आणि फोटोत ती चमक पांढरी पडते. शेवटी गोल ठिपके हाताने सरकवून काठावर आणले.

कलरमाइंड हे पट्टे सुचवणारं एआय साधन फोटो, चित्रपट आणि चित्रांवरून शिकलेलं आहे. संध्याकाळी चाळायला मजा येते. कामात मी फारसं वापरत नाही.

चार ओळींचा कोड येत असेल तर तिसरा रस्ता आहे. पण लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे ० ते २५५ मधून आंधळेपणाने उचलू नका. शक्यता १,६७,७७,२१६ आहेत खऱ्या, पण हाती येणारे बरेचसे रंग मळकट असतात आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. त्यापेक्षा रंगछटेचा कोन (रंगचक्रावरची जागा, ० ते ३६० अंश) तेवढा रँडम घ्या आणि पुढचा प्रत्येक रंग १३७.५ अंशांनी पुढे सरकवा. ४० पासून निघालात तर १७७.५, मग ३१५, मग ९२.५. कितीही रंग काढा, छटा चक्रावर पसरलेल्या राहतात. आलेखात आठ-दहा रंग हवे असतील तर पाचच्या पट्ट्यापेक्षा हेच बरं.

यात एक खाच आहे. एचएसएलमध्ये (छटा, तीव्रता आणि उजळपणा अशा तीन आकड्यांत रंग लिहायची पद्धत) शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचाही उजळपणा ५० टक्केच. आता दोघांवर पांढरी अक्षरं टाकून बघा. निळ्यावर कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर) ८.५९, पिवळ्यावर १.०७, म्हणजे अक्षरं गायबच. वेबच्या सुलभता नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ लागतात. म्हणून मी ओकेएलसीएच ही रंग लिहायची दुसरी पद्धत वापरतो. त्यातला उजळपणा डोळ्याला दिसतो त्याच्या बराच जवळचा असतो आणि २०२३ पासून सगळे मोठे ब्राउझर ही पद्धत थेट सीएसएसमध्ये (वेबपानाची सजावट लिहायच्या भाषेत) घेतात. तरी कॉन्ट्रास्ट मोजायचाच, साधन कुठलंही असो. कूलर्स आणि अडोबी, दोन्हीकडे तशी तपासणी आहे.

एक रंग पक्का आणि वेळ कमी असेल तर कूलर्स घ्या. वस्तूच सुंदर असेल तर तिचा दिवसाउजेडी फोटो काढा आणि अडोबी वापरा. डॅशबोर्ड, आलेख, भरपूर वर्ग असतील तर कोड. आणि क्लायंट ‘याचाच फ्लेक्सही काढू’ म्हणाला, तर निऑन हिरव्याच्या वाटेला जाऊ नका. छपाईत तो मरतो. हा धडा मी स्वतःच्या खिशातून शिकलोय.

पैठणीच्या त्या साइटवर शेवटी मोरपंखीला कुलूप लावलं. बटणांना कूलर्सच्या बाराव्या फटक्यात आलेला विटका डाळिंबी दिला. आणि मागे सगळीकडे आहे तो गादीचा पिवळट पांढरा.