एनएफएस की एसएमबी: क्लायंटची सेटिंग पाहून ठरवा

सर्व्हरवरचं फोल्डर लिनक्स मशीनवर कायमचं माउंट करायचं, म्हणजे तिथलंच असल्यासारखं जोडायचं, तर निवड बहुधा एनएफएस आणि एसएमबी या नेटवर्कवरून फायली वापरण्याच्या दोन पद्धतींतच असते. वेगावरून वाद पुष्कळ होतात, पण गिगाबिट नेटवर्कवर मोठ्या फायली हलवताना दोन्ही बहुतेक वेळा वायरच्या मर्यादेलाच टेकतात. त्यामुळे वेग बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी तपासा: ओळख कशी पटते, आणि सर्व्हर मध्येच गायब झाला तर काय होतं.

एनएफएस नेहमीच्या सेटिंगमध्ये पासवर्ड विचारत नाही. क्लायंट, म्हणजे फोल्डर जोडणारं मशीन, यूआयडीचा (युजरच्या ओळख-क्रमांकाचा) आकडा पाठवतो, सर्व्हर तो मानतो. तुमच्या मशीनवर 1000 म्हणजे तुम्ही आणि सर्व्हरवर 1000 म्हणजे दुसराच कोणी, तर तुमच्या फायली त्याच्या नावावर पडतात. यावर केर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेचा उपाय आहे, पण दोन-तीन मशीनसाठी एवढा घाट कोण घालतो!

एसएमबीत नाव-पासवर्ड लागतो. तो एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलीत) लिहू नका, ती फाइल मशीनवरचा कोणीही वाचू शकतो. वेगळी क्रेडेन्शियल्स फाइल करून तिला 600 परवानगी द्या, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल. माउंट करताना यूआयडी आणि जीआयडी (ग्रुपचा क्रमांक) सांगायला विसरलात, तर सगळ्या फायली सहसा रूटच्या, म्हणजे मुख्य अॅडमिनच्या, दिसतात आणि साध्या युजरला लिहिता येत नाही. एसएमबीची आवृत्ती 3.1.1 ठेवा. जुन्या मशीनसाठी 1.0 चालू करायचा मोह होतो, पण 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच आवृत्तीतल्या भोकातून पसरला होता.

आता सर्व्हर बंद पडल्यावर काय, ते पाहू. एनएफएस मुळात 'हार्ड' असतो: प्रोग्राम सर्व्हर परत येईपर्यंत थांबून राहतो, डिस्कवरची जागा दाखवणारी साधी डीएफ कमांडसुद्धा अडकते. वैतागून लोक 'सॉफ्ट' करतात. मग ठरावीक प्रयत्नांनंतर एरर येतो, आणि प्रोग्रामने तो नीट तपासला नाही तर फाइल अर्धवट लिहिली जाते. लिहिण्याचं काम असेल तर माझ्या मते हार्डच बरा. 'टाइमओ' (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) बदलत असाल तर त्याचं एकक सेकंदाचा दहावा भाग आहे: 600 म्हणजे 60 सेकंद. तीस सेकंद समजून 30 लिहिलं, की तीन सेकंदांतच पुन्हा विनंती जाते. एसएमबीचा क्लायंट मात्र मुळातच सॉफ्ट आहे, म्हणून वायफायवर फिरणाऱ्या लॅपटॉपला तो सोयीचा.

सगळी मशीनं लिनक्सची, एका जागी असलेली आणि यूआयडी जुळणारे असतील, तर एनएफएस 4.2 घ्या. विंडोज किंवा मॅक मध्ये आलं, किंवा माणसागणिक परवानग्या हव्या असतील, तर एसएमबी.

बूट होताना मशीन अडकू नये म्हणून दोन्हींत माउंटचा 'नोफेल' हा पर्याय टाका. फायरवॉलमध्ये एनएफएस 4 ला 2049 आणि एसएमबीला 445 हे एकेकच पोर्ट पुरतं, पण इंटरनेटच्या बाजूने दोन्ही बंदच ठेवा. बाहेरून लागलं तर व्हीपीएनमधून या.